टिम हॉर्टन : ज्याच्या नावाची कॉफी अख्खा कॅनडा पितो, त्या हॉकीपटूला एका टीमनं खाणीच्या गावातून हेरलं होतं

तुमच्या नात्यातलं किंवा मित्रमंडळीतलं कुणी शिकायला कॅनडाला गेलं असेल, तर त्यांच्या इन्स्टा स्टोरीत एक लाल कप तुम्ही नक्की बघितला असणार. बाहेर उणे वीस तापमान, अंगात जाडजूड जॅकेट आणि हातात 'टिम्स'ची कॉफी. कित्येक मराठी पोरापोरींची तिकडची पहिली पार्ट टाइम नोकरीसुद्धा याच काउंटरमागं असते. दोन क्रीम आणि दोन साखर घातलेल्या कॉफीला तिथं 'डबल डबल' म्हणतात, हे पहिल्याच शिफ्टला पाठ होतं. २०२२ मध्ये हा ब्रँड दिल्ली-गुरुग्राममध्ये आला आणि पुढं मुंबईतही.

पण विषय असा आहे की हा टिम हॉर्टन कुणी कॉफीवाला नव्हता. तो हॉकी खेळायचा. आणि साधासुधा खेळायचा नाही, त्याच्या काळातला सगळ्यात ताकदवान खेळाडू म्हणून त्याला ओळखलं जायचं.

त्याची गोष्ट सांगायची तर नुसती गोल आणि ट्रॉफ्यांची यादी देऊन भागत नाही. कारण तो ज्या व्यवस्थेतून वर आला ती आज विचित्र वाटेल अशी होती. मोठ्या व्यावसायिक टीम्स गावोगावच्या पोरांच्या क्लबना पैसे पुरवायच्या, आणि त्या पैशाच्या बदल्यात पोरांवर हक्क सांगायच्या.

आधी एक गोष्ट क्लिअर करू. आपल्याकडे हॉकी म्हटलं की ध्यानचंद आठवतात, मैदान किंवा टर्फ आठवतं. कॅनडात हॉकी म्हणजे बर्फावरची. एका बाजूला गोलकीपर धरून सहा जण, पायात स्केट्स, आणि चेंडूच्या जागी कडक रबराची चकती, तिला म्हणतात पक. समोरच्याला अंगानं धडक देणं हा या खेळात गुन्हा नाही, नियमात बसणारी गोष्ट आहे. टिम हॉर्टन होता डिफेन्समन. म्हणजे समोरून सुसाट येणाऱ्या माणसाला अडवायचं, हे त्याचं काम.

रेल्वेतल्या मेकॅनिकचं पोरगं

१२ जानेवारी १९३०. ओंटारियो प्रांताच्या उत्तरेला कॉक्रेन नावाचं रेल्वेचं गाव आहे, तिथं त्याचा जन्म झाला. कागदोपत्री नाव माइल्स गिल्बर्ट हॉर्टन, पण सगळे त्याला टिमच म्हणायचे. वडील रेल्वेत मेकॅनिक. टिम सहा वर्षांचा असताना घर क्वेबेकमधल्या एका सोन्याच्या खाणीच्या गावात हललं, दोन वर्षांनी परत कॉक्रेनला आलं आणि १९४५ मध्ये सडबरीला.

सडबरी म्हणजे निकेलच्या खाणींचं शहर. शेजारी कॉपर क्लिफ नावाची वस्ती, तिथं निकेल कंपनीच्या भट्ट्या. या पट्ट्यात पोरांसमोर मोठं झाल्यावर दोनच वाटा असायच्या, खाण नाहीतर रेल्वे. तिसरी वाट हॉकीची, आणि ती फार थोड्यांना मिळायची. पण स्वप्न सगळ्यांचं सारखंच. शनिवारी रात्री रेडिओवर टोरांटोची मॅच लागायची, फॉस्टर हेविट कॉमेंट्री करायचा आणि शेकडो किलोमीटर लांबच्या गावातली पोरं रेडिओला कान लावून बसायची. टीव्ही यायचा होता. म्हणजे ज्या मेपल लीफ्सवर ती जीव टाकायची, त्यांना बहुतेकांनी खेळताना कधी बघितलेलंच नसायचं.

टिम १९४६-४७ च्या मोसमात कॉपर क्लिफ रेडमेन नावाच्या ज्युनियर टीमकडून खेळला. त्याच टीममध्ये त्याच्याच वयाचा आणखी एक पोरगा होता. जॉर्ज आर्मस्ट्राँग. आईकडून तो कॅनडाच्या मूलनिवासी समाजातला. हे नाव लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

टीम पैसे द्यायची, पण फुकट नाही

आता इथं जरा थांबून त्या काळची सिस्टीम समजून घेऊ, नाहीतर पुढचं काहीच कळणार नाही.

तेव्हा नॅशनल हॉकी लीगमध्ये, म्हणजे एनएचएलमध्ये, फक्त सहा टीम होत्या. टोरांटो, माँट्रियल, बोस्टन, न्यूयॉर्क, डेट्रॉइट आणि शिकागो. सहा टीम म्हणजे सगळे मिळून शंभर-सव्वाशे खेळाडू, आणि त्यातले जवळजवळ सगळे कॅनडाचे. आज लिलाव होतो, ड्राफ्ट होतो, तसं तेव्हा काही नव्हतं. मग पोरं आणायची कुठून?

उत्तर सोपं होतं. पोरं जिथं खेळतात तो क्लबच हाताशी धरायचा.

बर्फावरच्या हॉकीला खर्च खूप. इनडोअर रिंक, बर्फ राखायचं भाडं, स्केट्स, पॅड्स, स्टिक्स, कोच आणि लांबच्या गावाला मॅच असेल तर प्रवास. गावातल्या क्लबला हे परवडायचं नाही. मग एनएचएलची टीम त्या क्लबची स्पॉन्सर व्हायची. ती पैसे द्यायची, साहित्य द्यायची, कधी कोचही द्यायची. बदल्यात त्या क्लबमधल्या पोरांवर पहिला हक्क तिचा. शिवाय प्रत्येक टीमला तिच्या शहराभोवतीच्या ५० मैलांच्या टापूतल्या खेळाडूंवर वेगळा हक्क होता तो होताच.

आणि मग यायचा तो प्रसिद्ध कागद. त्याला म्हणायचे 'सी फॉर्म'. पोरगा अठराच्या आतला असेल तर आईबापांच्या सहीनं व्हायचा. एकदा सही झाली की व्यावसायिक हॉकी खेळायची तर त्याच टीमकडून. दुसरीकडं जायचं असेल तर टीम सोडेल तेव्हा, विकेल तेव्हा. सहीबद्दल हातावर छोटीशी रक्कम पडायची. खाणीतल्या कामगाराच्या घरात ती रक्कम छोटी वाटायची नाही, आणि खरी गोम तिथंच होती. टीमचा माणूस गावात येऊन तुमच्या स्वयंपाकघरात बसतो, तुमच्या पोराचं कौतुक करतो, तेव्हा वकिलाला विचारावं असं कुणाच्या डोक्यात येणार?

टोरांटो मेपल लीफ्सचा कारभार तेव्हा कॉन स्माइथच्या हातात होता. महायुद्ध लढून आलेला, कडक शिस्तीचा आणि तेवढाच हट्टी माणूस. १९२७ मध्ये त्यानं टोरांटोची टीम घेतली, तिचं नाव मेपल लीफ्स केलं आणि १९३१ मध्ये, मंदीच्या ऐन भरात, मेपल लीफ गार्डन्स नावाचं भलंमोठं स्टेडियम उभं केलं. पैसे कमी पडले तेव्हा कामगारांना मजुरीचा काही भाग शेअर्सच्या रूपात दिला. ही तडजोड घडवून आणण्यात मोठा वाटा होता फ्रँक सेल्कीचा. हा आधी इलेक्ट्रिशियन होता आणि कामगार संघटनेत मुरलेला. पोरांच्या हॉकीतली पारख त्याच्याइतकी क्वचितच कुणाला असेल.

लीफ्सच्या पंखाखाली टोरांटोतच दोन ज्युनियर टीम होत्या. एक मार्लबोरोज. दुसरी सेंट मायकल्स कॉलेजची मेजर्स. दुसरी टीम ही खरंतर एक शाळा. कॅथलिक पाद्री चालवायचे, अभ्यासाला सुट्टी नाही. १९४७ मध्ये याच शाळेनं मेमोरियल कप जिंकला होता, म्हणजे कॅनडाच्या ज्युनियर हॉकीतला सगळ्यात मोठा कप.

आणि त्याच वर्षी, १७ वर्षांचा टिम हॉर्टन सडबरीहून सुमारे ४०० किलोमीटर लांब टोरांटोला, सेंट मायकल्समध्ये दाखल झाला.

जॉर्ज आर्मस्ट्राँगवरही लीफ्सची नजर पडली होतीच. तो आधी स्ट्रॅटफर्डला खेळला आणि तिथून मार्लबोरोजमध्ये आला. एकाच खाणपट्ट्यातली, एकाच टीममधली दोन पोरं, एकाच मालकाच्या दोन वेगवेगळ्या दारांतून आत आली.

सेंट मायकल्समध्ये टिम दोन मोसम खेळला. अंगात ताकद भरपूर, त्यामुळं पेनल्टी बॉक्समध्येही बराच वेळ जायचा. नजर मात्र अधू होती. मैदानाबाहेर जाड भिंगांचा चष्मा घालायचा, आणि टीममधले पोरं त्याला कार्टूनमधल्या आंधळ्या म्हाताऱ्याच्या नावानं, मिस्टर मॅगू म्हणून चिडवायचे.

पाच वर्षं वाट बघितली, मग मोडला पाय

पोरगा शाळेतून थेट लीफ्समध्ये आला असं झालं नाही. १९४९ मध्ये त्याला पिट्सबर्ग हॉर्नेट्समध्ये पाठवलं. ही लीफ्सची दुय्यम टीम. तिकडं याला 'फार्म टीम' म्हणतात, म्हणजे शेतच. पीक तयार झालं की वर आणायचं. तीन मोसम तो तिथं होता. १९५० मध्ये एक मॅच लीफ्सकडून खेळायला मिळाली आणि परत पिट्सबर्गला रवानगी. १९५२ मध्ये हॉर्नेट्सनं आपल्या लीगचा कप जिंकला. तिथंच त्याची लोरीशी ओळख झाली. ती बर्फावरच्या स्केटिंग शोमध्ये काम करायची. १९५२ मध्येच लग्न झालं, पुढं चार मुली झाल्या. आणि त्याच वर्षीच्या मोसमापासून तो लीफ्सचा कायमचा डिफेन्समन झाला.

सगळं बरं चाललं होतं. १९५४ मध्ये ऑल स्टारच्या दुसऱ्या टीममध्ये निवड झाली. आणि १२ मार्च १९५५ ला न्यूयॉर्क रेंजर्सच्या बिल गॅड्सबीनं त्याला अशी काही धडक दिली की पाय मोडला आणि जबडाही. पुढच्या मोसमाचा निम्मा काळ त्याला मैदानाबाहेर काढावा लागला.

पंचविशीतला खेळाडू, लग्न झालेलं, पदरात लेकरं. पाय नीट जुळला नसता तर? दुसऱ्या टीमकडं जायचा पर्याय नाही, संघटना नाही, पगार टीम ठरवेल तो. उन्हाळ्यात हॉकी बंद असायची तेव्हा खेळाडू दुसरी कामं करायचे. कॉन स्माइथचा वाळू-खडीचा धंदा होता, तिथंही खेळाडू कामाला असायचे. म्हणजे हिवाळ्यात मालक तोच आणि उन्हाळ्यातही तोच.

याच्याविरुद्ध पहिला आवाज उठला तो १९५७ मध्ये. डेट्रॉइटच्या टेड लिंडसेनं खेळाडूंची संघटना काढली. गंमत म्हणजे हा लिंडसेसुद्धा सेंट मायकल्सचाच माजी विद्यार्थी. लीफ्सकडून त्याच्या सोबत होता जिम थॉमसन. त्याच वर्षी दोघांनाही शिकागोला विकून टाकलं. शिकागो म्हणजे तेव्हा लीगमधली सगळ्यात रडकी टीम, तिथली बदली ही शिक्षाच. संघटना मोडली, आणि बाकीच्यांनी काय समजायचं ते समजून घेतलं.

टिम हॉर्टन पायावर उभा राहिला. आणि नुसता उभा राहिला नाही.

कॉपर क्लिफची पोरं कप उचलतात

साठचं दशक हे टोरांटोचं दशक. १९६२, ६३, ६४ आणि ६७. चार वेळा स्टॅन्ली कप. चारही वेळा डिफेन्समध्ये टिम हॉर्टन, आणि चारही वेळा कप्तान कोण माहितेय? जॉर्ज आर्मस्ट्राँग.

१९६२ च्या प्लेऑफमध्ये टिमनं १२ मॅचमध्ये १६ पॉइंट्स केले, ३ गोल आणि १३ असिस्ट. डिफेन्समनसाठी तो तेव्हाचा विक्रम. फेब्रुवारी १९६१ ते फेब्रुवारी १९६८ या सात वर्षांत तो लीगच्या लागोपाठ ४८६ मॅच खेळला, एकही न चुकवता. ज्या खेळात माणसं एकमेकांना फळ्यांवर आपटतात, तिथं ४८६! डिफेन्समनचा हा विक्रम मोडायला २००७ साल उजाडावं लागलं.

त्याच्या ताकदीचे किस्से तर विचारू नका. मैदानात भांडण पेटलं की तो ठोसे मारत बसायचा नाही. सरळ समोरच्याला मिठी मारायचा आणि आवळायचा. अस्वलाच्या तावडीत सापडल्यासारखा तो गडी गप्प व्हायचा. ज्या गॉर्डी हाऊला सगळी लीग टरकायची, त्यानंसुद्धा हॉर्टनला हॉकीतला सगळ्यात ताकदवान माणूस मानलं होतं. दारू प्यायल्यावर हीच ताकद हॉटेलांच्या दारांवर निघायची. खांद्यानं दार फोडायचं हा त्याचा नेहमीचा खेळ. टीममध्ये तेव्हा हे हसण्यावारी नेलं जायचं. पुढं काय झालं ते बघता ते हसणं जरा टोचतं.

पण मला यात सगळ्यात भारी गोष्ट वाटते ती वेगळीच. त्या लीफ्स टीमची यादी काढा आणि गावं बघा. डिफेन्समध्ये हॉर्टनचा जोडीदार अ‍ॅलन स्टॅन्ली आणि गोलांची मशीन फ्रँक माहोव्हलिच, दोघंही टिमिन्सचे, म्हणजे उत्तर ओंटारियोतल्या सोन्याच्या खाणींच्या शहरातले. डेव्ह किऑन सीमेपलीकडच्या क्वेबेकमधल्या नोरांडाचा, तिथं तांब्याची खाण. आर्मस्ट्राँग सडबरीच्या बाजूचा. रेड केली, माहोव्हलिच, किऑन आणि हॉर्टन हे चौघं सेंट मायकल्समधून आलेले. बॉब बॉन, कार्ल ब्रूअर, बॉब पुलफर्ड हे मार्लबोरोजमधून. पोरांच्या क्लबवर वीस वर्षं घातलेला पैसा असा वसूल झाला होता.

यातल्या रेड केलीचा किस्सा ऐकण्यासारखा आहे. तो लीफ्सच्याच शाळेत वाढला, पण हा मोठ्या लीगमध्ये टिकणार नाही असं म्हणत लीफ्सनं त्याला सोडून दिलं. तो डेट्रॉइटला गेला, तिथं चार स्टॅन्ली कप जिंकला आणि १९६० मध्ये परत टोरांटोला येऊन आणखी चार जिंकला. पोरं हेरण्याच्या धंद्यात अशी चूकही व्हायची.

दुसरीकडं सेल्कीचं आणि स्माइथचं बिनसलं होतं. १९४६ मध्ये सेल्की माँट्रियलला गेला आणि तिथं त्यानं हाच खेळ दसपट मोठा केला. कॅनडाभर ज्युनियर क्लबांचं जाळं विणलं. त्याच पायावर उभ्या राहिलेल्या माँट्रियलच्या टीमनं १९५६ ते १९६० असे लागोपाठ पाच कप जिंकले. जाँ बेलिव्हो नावाचा पोरगा क्वेबेक शहर सोडून यायलाच तयार नव्हता, तर १९५३ मध्ये माँट्रियलनं तो ज्या लीगमध्ये खेळायचा ती अख्खी लीगच विकत घेतली. लीग व्यावसायिक झाली, आणि बेलिव्होला माँट्रियलशी करार करण्यावाचून गत्यंतर उरलं नाही. क्लबला मदत आणि क्लबवर कब्जा यांच्यातली रेघ किती बारीक होती, याचं याहून चांगलं उदाहरण सापडायचं नाही.

आणि या व्यवस्थेचं शेवटचं मोठं फळ म्हणजे बॉबी ऑर. पॅरी साउंड नावाच्या छोट्या गावातला पोरगा. त्याच्यावर नजर ठेवून बोस्टन ब्रुइन्सनं त्या गावच्या पोरांच्या हॉकी संघटनेला वर्षाला १,००० डॉलर, असे तीन वर्षं दिले. गावातल्या सगळ्या पोरांना स्टिक्स मिळाल्या, बर्फ मिळाला. आणि १९६२ मध्ये १४ वर्षांच्या बॉबीची सही ब्रुइन्सना मिळाली. पुढं त्यानं बोस्टनला दोन कप जिंकून दिले. पॅरी साउंड हे नावही लक्षात असू द्या.

व्यवस्था बुडते, दुकान उभं राहतं

सेंट मायकल्सच्या पाद्र्यांना एव्हाना हे झेपेनासं झालं होतं. मॅचची संख्या वाढत होती, मारामाऱ्या वाढत होत्या, अभ्यास मागं पडत होता. १९६१ मध्ये शाळेनं पुन्हा एकदा मेमोरियल कप जिंकला, आणखी एक मोसम काढला आणि मोठ्या ज्युनियर हॉकीतून टीम काढून घेतली. १९६३ मध्ये एनएचएलनं ड्राफ्ट सुरू केला. १९६७ मध्ये सहाच्या बारा टीम झाल्या. नव्या टीमना पोरं मिळायची तर जुन्यांची मक्तेदारी मोडणं भाग होतं, म्हणून ज्युनियर क्लबची स्पॉन्सरशिप बंद झाली. १९६९ पासून वयात बसणारा प्रत्येक ज्युनियर खेळाडू ड्राफ्टमध्ये येऊ लागला. सी फॉर्म इतिहासजमा झाला.

योगायोग असा की १९६७ मध्येच त्या म्हाताऱ्या लीफ्सनं शेवटचा कप जिंकला. टिम ३७ वर्षांचा होता. फायनलच्या सहाव्या मॅचमध्ये रिकाम्या गोलमध्ये शेवटचा पक टाकला तो आर्मस्ट्राँगनं. ती संपलेली व्यवस्था आणि लीफ्सचा दुष्काळ यांचा थेट संबंध लावता येत नाही, कारणं बरीच आहेत. पण टोरांटोला त्यानंतर कप मिळालेला नाही, हे मात्र खरं.

टिमला स्वतःला हॉकीतून कायमचं पोट भरेल असा भरवसा कधीच नव्हता. मोडलेला पाय तो विसरला नव्हता. त्यानं गाड्या विकून बघितल्या, हॅम्बर्गरची दुकानं काढून बघितली, काही जमेना. १९६४ मध्ये हॅमिल्टन शहरात ओटावा स्ट्रीटवर एका जुन्या पेट्रोल पंपाच्या जागेत त्यानं डोनट आणि कॉफीचं दुकान टाकलं. स्टील कारखान्यांचं, कामगारांचं शहर. शिफ्ट सुटली की माणसाला गरम कॉफी आणि काहीतरी गोड लागतंच. दुकान चाललं. रॉन जॉइस नावाच्या माजी पोलिसानं ते चालवायला घेतलं आणि १९६७ मध्ये तो टिमचा बरोबरीचा भागीदार झाला. टिम खेळायचा, जॉइस धंदा बघायचा.

१९७० मध्ये लीफ्सनं टिमला न्यूयॉर्कला पाठवलं. मग पिट्सबर्ग, मग १९७२ मध्ये बफेलो. बफेलोत त्याचा जुना कोच पंच इमलॅक कारभारी होता. चाळिशी ओलांडलेल्या टिमला खेळत ठेवायला इमलॅकनं काय दिलं असेल? एक इटालियन स्पोर्ट्स कार.

२० फेब्रुवारी १९७४ ला बफेलोची टीम टोरांटोला खेळली. टिमचा जबडा दुखावलेला, शेवटचा बराचसा वेळ तो बाकावर होता. बफेलो हरली. तरी मॅचमधल्या तीन उत्तम खेळाडूंत त्याचं नाव निघालं. टीम बसनं परत गेली, हा आपल्या गाडीनं निघाला. वाटेत ओकव्हिलच्या ऑफिसात थांबून जॉइसला भेटला. पहाटे सेंट कॅथरिन्सजवळ हायवेवर सुसाट गाडीवरचा ताबा सुटला, गाडी उलटली आणि तो बाहेर फेकला गेला. सीट बेल्ट लावलेला नव्हता. वय ४४. रक्तात दारूचं प्रमाण कायद्याच्या मर्यादेच्या दुप्पट होतं, हे लोकांसमोर यायला मात्र २००५ उजाडलं.

तेव्हा दुकानं होती ४० च्या आसपास. पुढच्याच वर्षी जॉइसनं लोरीचा वाटा १० लाख डॉलरला घेतला. नंतर लोरीला वाटलं की आपण फसलो, ती कोर्टात गेली, हरली. त्या वाट्याची पुढची किंमत बघितली की कुणालाही वाईट वाटेल.

नाव उरलं ते पोरांच्या जर्सीवर

जॉइसनं टिमच्या नावानं एक फाउंडेशन काढलं, गरीब घरातल्या मुलांना सुट्टीत कॅम्पला नेण्यासाठी. पहिला कॅम्प १९७५ मध्ये सुरू झाला तो कुठं? पॅरी साउंडला. ब्रुइन्सनी १४ वर्षांच्या पोरासाठी पैसे ओतले होते, त्याच गावाजवळ.

१९७६ मध्ये दुकानात डोनटचे छोटे गोळे विकायला आले, नाव ठेवलं टिमबिट्स. आणि पुढं कंपनीनं चिमुकल्या पोरांच्या हॉकी टीमना जर्सी पुरवायला सुरुवात केली. कॅनडात चार-पाच वर्षांचं पोर पहिल्यांदा स्केट्स घालून बर्फावर घसरतं, आपटतं, रडतं, तेव्हा बऱ्याचदा त्याच्या अंगावर टिमबिट्सची जर्सी असते. सिडनी क्रॉसबी, आताच्या पिढीतला सगळ्यात मोठा खेळाडू, तोही लहानपणी टिमबिट्समध्ये खेळलेला. यात कंपनीची जाहिरात आहेच, कुणी नाकारत नाही. पण त्या पोराच्या आईबापांकडून कुणी सही घेत नाही.

आजच्या एनएचएल टीमही पोरांच्या क्लबना मदत करतात. साहित्य देतात, रिंक दुरुस्त करतात, शिकवणी वर्ग घेतात. पोरगा अठराचा झाला की ड्राफ्टमध्ये तो कुठल्याही टीमकडं जाऊ शकतो, त्यामुळं या पैशावर थेट वसुली नाही. हे जुन्यापेक्षा नक्कीच चांगलं आहे. फक्त एक अडचण आहे. हेरलेल्या पोराचा भार जुन्या काळी टीम उचलायची, आज तो बहुतेक आईबापांच्या खिशावर आहे. हॉकी हा तिथला महागड्या खेळांपैकी एक झालाय. रेल्वेतल्या मेकॅनिकचं पोरगं आज ४०० किलोमीटर लांबच्या शाळेत खेळायला जाऊ शकेल का, हा प्रश्न कॅनडात अनेक घरांत विचारला जातो. सी फॉर्म परत यावा असं कुणी म्हणणार नाही. पण त्या कागदामागं निदान एक चेक असायचा, एवढं मान्य करावं लागतं.

टिम एनएचएलमध्ये एकूण १,४४६ मॅच खेळला. १९७७ मध्ये त्याला हॉल ऑफ फेममध्ये घेतलं. बफेलोनं त्याचा २ नंबर आणि टोरांटोनं ७ नंबर कायमचा बाजूला ठेवला.

आणि लीफ्सकडून आजवर सगळ्यात जास्त मॅच कोण खेळलं, ही यादी उघडली तर पहिल्या दोन नावांच्या पुढं प्रत्येकी १,१८० हून जास्त मॅच दिसतात. दुसरा टिम हॉर्टन. पहिला जॉर्ज आर्मस्ट्राँग. १९४६-४७ ची कॉपर क्लिफ रेडमेनमधली तीच ती दोन पोरं.

टिमच्या जन्मगावी, कॉक्रेनला, आज एक इनडोअर रिंक आहे. तिचं नाव टिम हॉर्टन इव्हेंट सेंटर.